प्रत्येकीला एक तुकडा दिसला होता

आज आमच्या बचत गटाच्या वहीतल्या एका नोंदीपासून सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गटातल्या एका ताईंचं अंतर्गत कर्ज थकलं होतं. सहा महिने हप्ता नव्हता. आणि एका मासिक बैठकीला त्या आल्या त्या सगळी रक्कम घेऊनच. अठरा हजार रुपये, रोख, एकदम. आम्ही टाळ्या वाजवल्या. वहीत ‘पूर्ण परतफेड’ असं लिहिलं, सह्या केल्या, चहा प्यायलो. पैसे कुठून आले, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी दहावीत. लांबच्या नात्यातल्या एका बाईंनी परराज्यातलं स्थळ आणलं होतं. हुंडा नको, मानपान नको, उलट सगळा खर्च मुलाकडचे करणार आणि वर घरालाही हातभार लावणार. लग्न तिकडेच, देवळात. गावात कुणी जेवलं नाही, वाजंत्री वाजली नाही. आठ महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून तिचा आईला फोन आला. तिला लग्नाच्या नावाखाली विकलं होतं. पुढे पोलिसांनी तिला परत आणलं. आज ती सज्ञान आहे. तिला विचारून आणि तिचं नाव-गाव न सांगण्याच्या अटीवर आम्ही हे बोलतो आहोत.

या गुन्ह्याला कुणी ‘मानवी वाहतूक’ म्हणतं, कुणी ‘मानवी तस्करी’. हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर ट्रक येतो, तोंडाला रुमाल बांधून पोरी पळवणारे येतात. पण आमच्या मुलीला कुणी पळवलं नव्हतं. आईने ओटी भरून तिला पाठवलं होतं. म्हणून तर आम्हाला ते ओळखता आलं नाही.

मागच्या वर्षी तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील, ग्रामसेवक, एसटीचे वाहक आणि आम्ही बचत गटाच्या बाया, सगळे एका खोलीत. याआधीही एक प्रशिक्षण झालं होतं. त्यात भाषण झालं, व्याख्या लिहून घेतल्या, जेवून घरी आलो. या वेळी शिकवणाऱ्या ताईंनी वेगळं केलं. एकेका गावाचे लोक एकत्र बसवले आणि सांगितलं, “तुमच्या गावातून गेलेलं एक मूल आठवा. त्या वेळी तुम्हाला काय दिसलं होतं ते चिठ्ठीवर लिहा. नाव लिहू नका.”

आमच्या गावाच्या पाच चिठ्ठ्या झाल्या. सरांनी लिहिलं, “मुलगी पंधरा दिवस गैरहजर होती, मामाकडे गेली असं कळलं.” आशाताईंनी लिहिलं, “घरी एक परकी बाई दोनदा दिसली. ती मुलीला माझ्याशी बोलूच देत नव्हती.” सेविकाताईंनी लिहिलं, “आईने जन्माची नोंद दोन वर्षांनी वाढवून मागितली. मी नाही म्हटलं.” पोलीस पाटलांनी लिहिलं, “बाहेरच्या पासिंगची गाडी रात्री उभी होती.” आणि आम्ही लिहिलं, “कर्ज एकरकमी फेडलं.”

पाचही चिठ्ठ्या एकाच मुलीच्या होत्या. प्रत्येकीकडे, प्रत्येकाकडे एक तुकडा होता आणि तो ज्याच्या-त्याच्याकडेच राहिला. सेविकाताई तिथेच रडल्या. म्हणाल्या, “मी खोटी नोंद केली नाही म्हणून मला वाटलं, माझं काम झालं.”

मैत्रिणींनो, प्रशिक्षणाचं सार आम्हाला त्या पाच चिठ्ठ्यांत समजलं. एका खुणेवरून काहीच सिद्ध होत नाही. गैरहजर मुलगी आजारी असू शकते, फेडलेलं कर्ज शेळ्या विकून फेडलेलं असू शकतं. पण खुणा एकत्र ठेवायची जागा गावात हवी. आणि त्यानंतर कुणी कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं हवं.

आता गुन्हा नेमका काय ते पाहू. भारताच्या संविधानाचं कलम २३ माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी घालतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १४३ मध्ये हा गुन्हा आहे. ओळखायला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, काय केलं? माणसाला कामाला लावलं, नेलं, दुसऱ्याच्या हवाली केलं, ठेवून घेतलं. दुसरा, कसं केलं? धमकी देऊन, जबरदस्तीने, फसवून, अधिकार वापरून किंवा पैशाचं आमिष दाखवून. तिसरा, कशासाठी? शोषणासाठी. शोषण म्हणजे फक्त देहविक्री नाही. गुलामासारखं राबवणं, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं हेही त्यात येतं. आणि “ती राजीखुशीने गेली” हे उत्तर कायदा मान्य करत नाही. पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती, याने गुन्हा पुसला जात नाही. शिक्षा कमीत कमी सात वर्षं. बळी अठरा वर्षांखालचं मूल असेल तर कमीत कमी दहा वर्षं, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

गावाची वेस ओलांडली पाहिजे, राज्य बदललं पाहिजे, असंही नाही. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली गोष्ट आठवते का? कातकरी समाजाची लहान मुलं थोडक्या पैशांवर मेंढ्या राखायला शेजारच्या भागात दिली गेली होती. एका मुलीचा जीव गेला, तेव्हा बाकीच्या मुलांचा शोध सुरू झाला. ती मुलं घरापासून फार लांब नव्हती. ती रोज कुणाला ना कुणाला दिसत असणार.

मग ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारं प्रत्येक कुटुंब यात येतं का? नाही. पोटासाठी गाव सोडणं हा गुन्हा नाही आणि आपल्याच बायांकडे संशयाने पाहायचं नाही. फरक ओळखायला आम्हाला चार साधे प्रश्न दिले. मनात आलं तर ती काम सोडून घरी येऊ शकते का? मजुरी तिच्या हातात पडते का? तिचा फोन आणि आधार कार्ड तिच्याजवळ आहे का? उचल फिटली की नाही, हिशेब तिला कळतो का? उत्तरं ‘नाही, नाही’ अशी येऊ लागली तर थांबायचं आणि बोलायचं. उचलीपायी अडकवून ठेवणं हे वेठबिगारीत मोडतं आणि त्याला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे.

आता ज्याच्या-त्याच्या कामातल्या खुणा. दवाखान्यात बाईला काही विचारलं की सोबतचा माणूसच उत्तर देतो, तिला एकटीला सोडत नाही, तिला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. शाळेत एखादं मूल काही न सांगता येईनासं होतं. आधार केंद्रावर कुणी मुलीचं वय वाढवून मागतं. एसटीत सोबतच्या माणसाला मुलाचं नाव धड सांगता येत नाही, मूल त्याच्याकडे घाबरून बघतं. आणि बचत गटात? अचानक फिटलेलं कर्ज, बिनखर्चाचं दूरचं स्थळ, “मुंबईत घरकामाला चांगली जागा आहे” म्हणणारी ओळखीचीच बाई. मुलींना नेणारी माणसं पुष्कळदा अनोळखी नसतात. त्यांना आपण मावशी, काका म्हणत असतो.

खूण दिसली तर करायचं काय? इथे आम्ही सगळ्यांत जास्त चुकत होतो, म्हणून एकमेकींना समोर बसवून सराव केला.

पहिलं, त्या माणसाला जाब विचारायला जायचं नाही. तो सावध होतो आणि रातोरात मुलीला हलवतो. स्वतः सोडवायला धावायचं नाही. सोडवणं पोलिसांचं काम.

दुसरं, मुलीशी किंवा बाईशी एकटीशी बोलायचं. वजन करायचं आहे, रक्त तपासायचं आहे असं काही निमित्त आशाताईंकडे असतंच. “तुला विकलं का गं?” असं विचारायचं नाही. “जेवलीस का? रात्री कुठे झोपतेस? घरी फोन करता येतो का?” इथून सुरुवात करायची.

तिसरं, “मी कुणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावं लागणार आहे. “जे तुला मदत करतील त्यांनाच सांगेन” असं म्हणायचं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मग ती शिक्षिका असो, परिचारिका असो की शेजारीण.

चौथं, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. एकीने विचारलं की पुरे. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं. गाडीचा नंबर दिसला तर तोही.

पाचवं, फोन. मुलांसाठी १०९८, बायांसाठी १८१, तातडीला ११२, रेल्वेत १३९. हे नंबर आता आमच्या प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

सहावं, मूल हरवलं असेल तर चोवीस तास थांबायचं नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच. “हे आमच्या हद्दीत नाही” असं म्हणून परत पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्यात तक्रार घेतली जाते आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवतात, तिला झिरो एफआयआर म्हणतात. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. कमी वयातलं लग्न ठरत असेल तर आपल्याकडे ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवायचं.

सातवं, फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

आणि एक गोष्ट कायद्यात लिहिलेली नाही, ती आमच्याकडून. आमची मुलगी परत आली तेव्हा गावाने तिचं स्वागत केलं नाही. पाणवठ्यावर कुजबुज झाली. तिच्या आईला आम्हीही बैठकीत तोंडावर बोललो, “पैशासाठी पोर विकलीस.” पुढे कळलं की त्या माउलीला ते पैसे ‘मुलाकडची मदत’ म्हणून दिले होते आणि गटाचं कर्ज थकल्याची लाज तिला झोपू देत नव्हती. त्या लाजेत आमचाही वाटा होता. दर महिन्याला सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन हप्ता मागणाऱ्या आम्हीच होतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. तीन हप्ते थकले की बैठकीत नाव घ्यायचं नाही, दोघींनी घरी जाऊन अडचण विचारायची. आणि ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं राखून ठेवायची. आशाताई, सेविकाताई, सर, पोलीस पाटील यांना बोलवायचं आणि एकच विचारायचं, “या महिन्यात गावातून कोण गेलं, कोण नवीन आलं, कुणाची खबर नाही?” बऱ्याच महिन्यांत सांगण्यासारखं काही नसतं. गेल्या दिवाळीनंतर मात्र दोन चिठ्ठ्या जुळल्या. सेविकाताईंनी १०९८ ला फोन केला आणि एक लग्न हळदीआधीच थांबलं. ती मुलगी आता अकरावीला आहे.

तुमच्या गावातही हे तुकडे कुणाकुणाच्या हातात असतील. पुढच्या बैठकीला वही उघडाल तेव्हा हिशेबाआधी ही दहा मिनिटं काढा.