‘फायनल’, ‘फायनल २’, ‘न्यू फायनल’... यातली खरी फाइल कोणती? मुंबईच्या पावसावरून समजून घ्या

२६ जुलै २००५ च्या महापुरात सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत तब्बल ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर. आता समजा, अंधेरीतला एखादा विद्यार्थी पावसावर प्रोजेक्ट करतोय आणि त्याच्या लॅपटॉपवर ‘मुंबई पाऊस फायनल’ नावाची फाइल आहे. यातली मुंबई कोणती? सांताक्रूझची की कुलाब्याची?

घोळ कुठे होतो?

दोन्ही आकड्यांची सरासरी काढली तर येतात सुमारे ५०८ मिलिमीटर. एवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नव्हता! ही सरासरी मूळ फाइलमध्येच सेव्ह झाली, तर खरे आकडे गेलेच म्हणून समजा.

तारखेचंही तसंच. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. त्यामुळे २६ जुलैचा हा पाऊस तक्त्यात २७ तारखेसमोर दिसू शकतो.

फोल्डर कसे करायचे?

प्रत्येक प्रोजेक्टला हीच रचना ठेवा:

● रॉ : डेटा मिळाला तसाच इथे ठेवायचा. एकही आकडा बदलायचा नाही.
● कोड : डेटा साफ करणाऱ्या स्क्रिप्ट. नावाआधी ०१, ०२ असे क्रमांक द्या, म्हणजे आधी कोणती चालवायची ते कळतं.
● प्रोसेस्ड : साफ केलेला डेटा.
● रिपोर्ट : आलेख, तक्ते आणि अहवाल.
● रीडमी : ही साधी टेक्स्ट फाइल. डेटा कोणत्या केंद्राचा, कुठून आणि कधी घेतला, दिवस कसा मोजला, हे त्यात लिहा.

हाताने फोल्डर करायचे नसतील, तर ‘कुकीकटर डेटा सायन्स’ हा तयार साचा मोफत मिळतो.

नाव देताना काय पाहाल?

महापालिकेच्या वॉर्डांच्या नावात तिरकी रेघ असते. अंधेरी पूर्वेचा वॉर्ड के/पूर्व, बोरिवलीचा आर/मध्य. कम्प्युटरसाठी मात्र ही रेघ म्हणजे पुढचा फोल्डर. म्हणून फाइलच्या नावात ‘के_पूर्व’ असं लिहा. तारीख २००५-०७-२६ अशी, आधी वर्ष घालून लिहिली की फाइल्स आपोआप क्रमाने लागतात.

जमलं की नाही, कसं ओळखाल?

प्रोजेक्टची एक कॉपी करा आणि त्यातला ‘प्रोसेस्ड’ फोल्डर रिकामा करा. आता सगळ्या स्क्रिप्ट क्रमाने चालवा. तेच आकडे पुन्हा आले, तर रचना पक्की. नाही आले, तर मधला कुठलातरी बदल हाताने झालाय आणि त्याची नोंद कुठेच नाही. तो सबमिशनच्या आधीच शोधून काढा.