मुलाचा खेळ आणि मोठ्यांचें मौन

मुलाला ताप आला म्हणजे डॉक्टरांस बोलावणें पाठविण्यास घरांत कोणालाही संकोच वाटत नाहीं. परंतु पांच-सहा वर्षांचें मूल आजोबांच्या निधनानंतर एकाएकीं अबोल झालें, रात्रीं अंथरूण ओलें करूं लागलें, अथवा शाळेच्या दारांतून माघारें पळूं लागलें, कीं 'हट्टी आहे', 'लाडावलें आहे' असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. अशा मुलाची डॉक्टरी तपासणी होऊन शरीरांत दोष आढळला नाहीं, आणि खेळांतून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे त्याला न्यावें असा सल्ला मिळाला, तर वडीलधारे विचारतात, "खेळण्यासाठीं का पैसे मोजावयाचे?" हा प्रश्न अवास्तव नाहीं, म्हणून त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठ्या माणसाचें दुःख बोलल्यानें हलकें होतें. लहान मुलाजवळ तेवढे शब्दच नसतात. जें सांगतां येत नाहीं तें तें बाहुलीकडून वदवितें. हें ओळखून मार्गारेट लोवेनफेल्ड यांनीं १९२८ सालीं लंडन येथें मुलांसाठीं दवाखाना काढला आणि वाळूचें तबक व चिमुकल्या वस्तू त्यांच्या हातीं दिल्या. पुढें अमेरिकेंत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या उपचाराचीं आठ तत्त्वें मांडलीं. मूल आहे तसें स्वीकारावें, त्याला घाई करूं नये, खेळाची दिशा त्यालाच ठरवूं द्यावी आणि मर्यादा आवश्यक तेवढ्याच घालाव्या, हें त्यांचें सार होय.

पहिली भेट बहुधा आईबापांचीच असते. मुलाची झोप, आहार, शाळा, घरांतील मृत्यू, आजार, कलह, सर्व कांहीं विचारलें जातें. तेथें आडपडदा ठेवूं नये. तज्ज्ञाचें शिक्षण व अनुभव यांविषयीं आपणही निःसंकोच विचारावें. नंतर सामान्यतः आठवड्यांतून एकदां, ठरल्या वेळीं, सुमारें पाऊण तास मूल खेळाच्या खोलींत जातें. तेथें बाहुलीघर, माती, रंग, डॉक्टरची खोटी पेटी असें साहित्य असतें. कोणाला इजा करावयाची नाहीं, वस्तू मुद्दाम मोडावयाच्या नाहींत, एवढाच निर्बंध असतो. कपडे मळतात, म्हणून जुनेच घालावे.

खरी कसोटी घरीं परतल्यावर लागते. "आज काय खेळलास? बाई काय म्हणाल्या?" असें विचारूं नये. एकत्र कुटुंबांत हें विशेष कठीण. आई गप्प राहिली तरी आजी मायेनें विचारते, काका थट्टा करतात, आणि आपलें गुपित घरभर होईल असें वाटून मूल त्या खोलींतही मिटून जातें. तज्ज्ञ आईबापांस अधूनमधून भेटून एकंदर प्रगति सांगतात, प्रत्येक खेळाचा तपशील सांगत नाहींत. मात्र मुलाच्या जिवाला धोका दिसल्यास तें गुप्त राहत नाहीं. लैंगिक अत्याचाराची वर्दी देणें तर आपल्याकडे २०१२ च्या कायद्यानें बंधनकारकच आहे.

आरंभीं कांहीं मुलांचा हट्ट व रडणें वाढतें. दाबलेला राग वाट काढीत असतो. अशा वेळीं घाबरून उपचार मध्येंच सोडूं नये, तज्ज्ञांस कळवावें. कांहीं मुलांस थोडे महिने पुरतात, कांहींस वर्षाहून अधिक काळ लागतो. शेवटही एकाएकीं करूं नये. आधींच एक निरोप सोसलेल्या मुलाला दुसऱ्या निरोपाची कल्पना कांहीं आठवडे अगोदर द्यावी.

आपल्या घरांत मुलावर माया करणारीं दहा माणसें असतात, आणि तीं दहाही त्याला सुधारीत असतात. 'नीट बस', 'असें रडूं नये' हें ऐकतच त्याचा दिवस जातो. कोणी दोष न काढतां आपल्याकडे पाहत आहे, हा अनुभव त्याला त्या पाऊण तासांत मिळतो. पैसे मोजावयाचे ते याचे. बर्नार्ड गर्नी यांनीं १९६४ सालीं आईबापांनाच असें खेळणें शिकविण्याची पद्धति मांडली. तींत आठवड्यांतून अर्धा तास ते मुलाच्या कलानें खेळतात. उपचार चालू असो वा नसो, तेवढा अर्धा तास उपदेशावांचून देणें कोणत्याही घराला अशक्य नाहीं.