वस्तऱ्याचे पाणी

सोनईच्या माणसाने शनिवारी लोखंडाची वस्तू विकत आणू नये, हा दंडक इतरत्रही पाळला जात असेल. परंतु शनिशिंगणापूर अवघ्या काही किलोमीटरांवर असल्यामुळे त्याची जरब आमच्याकडे अंमळ अधिक आहे. म्हणूनच, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी घेतलेला एक जपानी वस्तरा पिशवीत घालून मी शनिवारी एस.टी.तून उतरलो, तेव्हा खरेदी बुधवारची आहे हा माझा खुलासा कोणी दाखलच करून घेतला नाही. मंडळींनी वस्तरा हाती घेतला आणि आपापला निकाल दिला. एकाने तो सामुराईच्या तलवारीचा तुकडा ठरवला. दुसऱ्याने त्यावरील तांबडा गंज पाहून तो भंगाराच्या वजनावर काढला. आणि तिसऱ्याने, ‘आणा इकडे, ग्राइंडरवर धरून दोन मिनिटांत लख्ख करून देतो,’ अशी प्रेमळ तयारी दाखवली. तिघेही चुकत होते. मात्र पहिल्या दोघांच्या अज्ञानाने वस्तऱ्याचे काही बिघडण्यासारखे नव्हते, आणि तिसऱ्याचे सौजन्य स्वीकारले असते तर वस्तरा कायमचा गेला असता.

तलवारीच्या समजुतीला इतिहासाचा थोडा आधार आहे, हे मान्य करावयास हवे. मेइजी राजवटीत 1871 साली शेंडीवजा केशबंध कापून टाकण्याची मुभा देणारे फर्मान निघाले आणि 1876 साली तलवार बाळगण्यास मनाई झाली. तेव्हा तलवारींवर पोट असलेल्या अनेक लोहारांना सुऱ्या, कात्र्या व वस्तरे यांच्याकडे वळावे लागले. परंतु कारागिराचा हात आणि त्याचा माल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लोहवाळू आणि कोळसा यांपासून तातारा नावाच्या भट्टीत निघणारे तामाहागाने हे तलवारीचे पोलाद महाग व दुर्मीळ असल्यामुळे त्याचे वस्तरे थोडेच झाले. नीगाता प्रांतातील सान्जो गावचे इवासाकी कोसुके यांनी तोक्यो येथे धातुशास्त्राचे रीतसर अध्ययन करून त्याचे वस्तरे घडवले, म्हणून ते नाव आज संग्राहक आदराने घेतात. त्यांच्याही घराण्याने स्वीडनचे पोलाद वर्ज्य मानले नाही, आणि बाजारात येणाऱ्या बहुसंख्य जपानी वस्तऱ्यांचे पाते तर स्वीडिश अथवा कारखानी पोलादाचेच असते. त्यात कमीपणा कसला? मिशी कापताना पोलादाची वंशावळ कोणी विचारत नाही.

पात्यावर चिनी वळणाची अक्षरे दिसली की माल जपानी, हाही असाच एक घाईचा निवाडा. ती चित्रलिपी दोन्ही देशांत चालते आणि चीननेही मुबलक वस्तरे केले. अक्षरांत हिरागाना वा काताकाना लिपीची वळणे मिसळलेली असतील तरच जपानचा दाखला भक्कम होतो. उलट, निव्वळ रोमन अक्षरे पाहून वस्तरा विलायती ठरवणेही धोक्याचे, कारण मिटणारे, पाश्चात्त्य घाटाचे वस्तरे घडवणाऱ्या जपानी कारखान्यांना इंग्रजी नावांची मोठी हौस होती. खुद्द जपानी घाटाचा वस्तरा, ज्याला तिकडे कामिसोरी म्हणतात, तो मिटत नाही. पाते व दांडी एकाच लोखंडी तुकड्याची असते. त्यात पुष्कळदा मऊ लोखंडाच्या अंगाला कठीण पोलाद भट्टीत ठोकून जोडलेले असते. कुऱ्हाडीला पोलाद घालणाऱ्या आपल्या लोहाराला ही कृती उलगडून सांगावी लागणार नाही. कामिसोरीच्या दोन्ही बाजू जाणूनबुजून असमान घासलेल्या असतात. ही विषमता म्हणजे घडणीतील खोट, असे समजून दोन्ही बाजू सारख्या करू पाहणारे उत्साही पुरुष मी पाहिले आहेत.

आता गंजाकडे वळू. गंज चढला म्हणजे पाते मेले, हे खरे नाही. जुन्या पोलादावरचा काळसर करडा थर बहुधा स्थिर असतो, तो राहू द्यावा. तांबडा, भुरभुरणारा गंज मात्र पुढे पसरतो, तो काढावा, आणि तो तेलाने भिजवून, अतिशय बारीक घासकागदाने, हातानेच काढावा. निर्णायक प्रश्न एवढाच, की गंजाने पाडलेले खड्डे धारेच्या रेषेपर्यंत पोहोचले आहेत काय. पाठीवरचे वा अंगावरचे खड्डे दिसावयास ओंगळ असले तरी निरुपद्रवी. धारेवरचा एक सूक्ष्म खड्डाही पथरीवर धार तुटत राहण्यास पुरेसा होतो.

ग्राइंडरचा मामला याहून गंभीर आहे. पोलाद तापवून एकदम थंड केले की ते कठीण परंतु ठिसूळ होते, आणि मग सुमारे 150 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. या साऱ्या व्यवहाराला आपल्या लोहारांनी ‘पाणी देणे’ असे सुरेख नाव दिले आहे. वस्तऱ्याची धार इतकी पातळ, की फिरत्या चाकावर क्षणभर टेकली तरी तिचे तापमान ही मर्यादा ओलांडते; 300 अंशांच्या आसपास पोलादावर निळी छटा उमटते, आणि ती उमटली की तेथले पाणी उतरले असे खुशाल समजावे. वर लखलखाट येतो, आत कथिलागत मऊपणा. माझा पहिला वस्तरा मी याच रीतीने, स्वतःच्या हाताने, निळा करून ठेवला आहे. तो आजही टेबलावर पाकिटे फोडण्याच्या कामी येतो.

याला जोडूनच एक सूक्ष्म मुद्दा आहे. मिटणाऱ्या वस्तऱ्याची जाड पाठ केवळ बळकटीसाठी असते असे अनेकांना वाटते. वास्तविक धार लावताना पाठ आणि धार या दोन्ही पथरीवर एकदम टेकलेल्या असतात, आणि धारेचा कोन, जो साधारण 16 ते 18 अंशांचा असतो, तो त्या पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातूनच ठरतो. शोभेसाठी पाठ घासून पातळ करणारा गृहस्थ त्या वस्तऱ्याचे मोजमापच पुसून टाकतो.

जपानी वस्तऱ्यासाठी दूरदूरच्या बाजारांची धूळ तुडवणारे आपण, गावातल्या न्हाव्याच्या धोकटीकडे मात्र ढुंकून पाहत नाही; तिच्यातला वस्तरा हलका होता म्हणूनच मागे पडला, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे. खरे कारण निराळे आहे. भारतात एड्सचा विषाणू 1986 साली आढळला आणि त्यानंतरच्या जागृतीत दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याचा आग्रह खेडोपाडी पोहोचला. सलूनवाल्याने ब्लेड मधोमध मोडून अर्धे पाते धारकात बसवले, आणि अखंड पोलादाचा वस्तरा, धार उत्तम असूनही, सेवानिवृत्त झाला. ते योग्यच झाले. तुरटी फिरवली की पाते शुद्ध झाले ही समजूत साफ खोटी आहे. तुरटी रक्त थांबवते, पाते निर्जंतुक करीत नाही, आणि काविळीचा ‘ब’ विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस तरी तग धरतो. तेव्हा दुरुस्त केलेला वस्तरा कितीही प्रिय असला तरी तो एकाच मालकाच्या गालापुरता ठेवावा.

त्या धोकटीतले पाते झिजून अरुंद झालेले असते, म्हणून संग्राहक ते बाजूला सारतो. मला तीच झीज त्याचे दप्तर वाटते. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. आपल्या वस्तऱ्याच्या इतिहासात असे एक पान आहे. जपानी कोऱ्या पेटीबंद नगापाशी तसे काय असणार?

मुठीविषयी थोडक्यात. पांढरी मूठ हस्तिदंताची निघाल्यास भाग्य उजळले असे मानू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1986 व 1991 साली झालेल्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताच्या व्यापारास मनाई आहे, आणि विक्रेत्याची मधुर कैफियत त्यापुढे टिकत नाही. पुष्कळदा ती सेल्युलॉइडचीच असते. सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणारी आम्लवायूची वाफ शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते, शिवाय ते झटकन पेट घेते. असा नग बंद पेटीत इतरांसोबत ठेवू नये.

राहता राहिले तेल. घरातले कोणतेही चालते, असा सार्वत्रिक निर्वाळा मिळतो. जपानी लोक कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात, कारण ते हवेत सुकत नाही. जवसाचे सुकून साल धरते, आणि तिळाचे कालांतराने चिकट होते. आपल्याकडे शिवणयंत्राचे साधे खनिज तेल उत्तम काम देते. शनिवारी वस्तऱ्यावर तेलाचे बोट फिरवताना मी तेच वापरतो. देवघरातली तिळाच्या तेलाची बाटली पुढे करणाऱ्या आईची अजूनही समजूत पटलेली नाही.