मदत घेतली म्हणजे धर्म बदलावा लागतो का? कॅथलिक दानामागचे नियम काय सांगतात

नागपूर : मिशनच्या दवाखान्यात उपचार झाले किंवा मुलगी सिस्टरांच्या वसतिगृहात राहिली, की गावात एखादा तरी विचारतोच, "बदल्यात काय द्यावं लागलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून येतं. म्हणून कॅथलिक चर्चचे स्वतःचे नियम काय म्हणतात, ते पाहू.

नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. सुरुवातीला इथं काम केलं ते आजच्या फ्रान्समधल्या ॲनसी गावच्या संस्थेच्या धर्मगुरूंनी. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाची ही संस्था. सदरमधल्या 'एसएफएस'चं नाव त्यांच्यावरूनच पडलं. (हेच संत पत्रकारांचेही आश्रयदाते मानले जातात.) आज मिशनच्या शाळेचं नाव काढलं की लोकांना आधी ॲडमिशन अन् फी आठवते, ही गोष्ट वेगळी.

आता दानाचं. मुसलमान बांधवांत जकात साधारण अडीच टक्के ठरलेली असते. कॅथलिकांत असा आकडा नाही. पण मोकळीकही नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात कलम २२२ आहे. चर्चच्या गरजा भागवणं आणि आपल्या कमाईतून गरिबांना मदत करणं हे प्रत्येक श्रद्धावंताचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. म्हणजे दान हा उपकार नाही, देणं आहे. रविवारच्या मिस्सात अर्पणाची थैली फिरते ती पूजेचाच भाग म्हणून. बायबलमधली गरीब विधवा दोन क्षुल्लक नाणी टाकते आणि येशू तिचं दान श्रीमंतांपेक्षा मोठं ठरवतो. ही गोष्ट कॅथलिक पोरं लहानपणापासून ऐकतात.

खरा जोर दिसतो ईस्टरआधीच्या उपवासकाळात. प्रार्थना, उपवास आणि दान या तिन्ही गोष्टी तेव्हा सोबतच चालतात. मटण-कोंबडी सोडली तर वाचलेला पैसा घरात ठेवायचा नाही, तो भुकेल्याचा, अशी शिकवण आहे. आणि दिल्याचा गाजावाजा करायचा नाही. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांसोबत संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावानं मंडळ काढलं. त्याच्या बैठकीत थैली गुपचूप फिरते, कोणी किती टाकले ते कळत नाही. सदस्य गरिबाच्या घरी जाऊन विचारपूस करतात. भारतातही ही मंडळं चालतात.

मदत म्हणजे फुकट वाटपच असतं असं नाही. शेतकऱ्याला कळेल असं उदाहरण मात्र विदर्भाबाहेरचं, वसईचं आहे. सावकाराच्या व्याजातून लोकांची सुटका व्हावी म्हणून तिथं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ मध्ये पतसंस्था सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

मग धर्मांतराचं काय? इथं चर्चची भूमिका लेखी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये सांगितलं की कोणावर जबरदस्ती करून किंवा आमिष दाखवून त्याला धर्मात आणायचं नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या नाताळला सही केलेल्या पत्रात आणखी स्पष्ट केलं की सेवा हे धर्मांतराचं साधन होऊ शकत नाही, प्रेम फुकटच द्यायचं असतं. म्हणजे गावात कोणी 'प्रार्थनेला या, मग धान्य मिळेल' म्हणत असेल, तर तो चर्चचाच नियम मोडतो. नियम कागदावर आहे म्हणून तो प्रत्येक ठिकाणी पाळला जातो असं मात्र नाही. शिवाय येशूचं नाव घेणारी प्रत्येक संस्था कॅथलिक नसते. पंथ बरेच आहेत आणि व्हॅटिकनचे नियम सगळ्यांना लागू होत नाहीत.

पैशाचेही नियम आहेत. ज्या कामासाठी दान दिलं, त्याच कामाला ते वापरायचं, हे कलम १२६७ मध्ये आहे. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी लागते आणि तिच्यात साधे श्रद्धावंतही बसतात. सरकारचा लगाम वेगळा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी हिशेब. परदेशी दान घ्यायचं तर केंद्राच्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि तो पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

त्यामुळे 'मिशनचा परदेशी फंड आलाय, फॉर्मचे पाचशे द्या' असं कोणी दारात येऊन म्हटलं, तर पैसे देण्याआधी ट्रस्टचा नोंदणी क्रमांक विचारा. तो खरा आहे का, हे नागपुरातल्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तपासता येतं.