न दिसणारी दगडी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या माणसांनी गोठ्यात कशाला शिरावं, असं काहींना वाटलं असेल. तर कारण असं, की 'जे दिसत नाही ते आहे, हे कशावरून म्हणायचं' हा आमचा जुना प्रश्न. तो जितक्या रोखठोकपणे गाईच्या कासेपाशी उभा राहतो, तितका पुस्तकात राहत नाही. इथे उत्तर चुकलं तर दूध जातं, औषध वाया जातं आणि कधी कधी गायच विकावी लागते.

कासदाह म्हणजे कासेची सूज. आपल्याकडे शेतकरी त्याला दगडी म्हणतात. कास दगडासारखी घट्ट होते, गरम लागते, गाय हात लावू देत नाही, दुधात गुठळ्या येतात किंवा ते पाण्यासारखं होतं. ही झाली दिसणारी दगडी, ती कुणालाही कळते. पण या रोगाचा मोठा भाग न दिसणारा आहे. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय रवंथ करत निवांत बसलेली, आणि आत जीवाणू ठाण मांडून. याला सुप्त कासदाह म्हणतात. नुकसानीचा मोठा वाटा या सुप्त प्रकाराचा असतो, कारण तो महिनोन् महिने चालतो आणि त्याचा इलाज करायला कुणी धावत नाही.

जीवाणू शिरतात कुठून? सडाच्या टोकाला असलेल्या बारीक नळीतून. एरवी ती मिटलेली असते. धार काढल्यावर मात्र अर्धा-पाऊण तास ती नीट मिटत नाही. धार झाल्याबरोबर गाय शेणात बसली, की दार उघडं आणि चोर अंगणात! म्हणून जाणती माणसं धार झाली की पुढ्यात वैरण टाकतात. गाय खात उभी राहते. चोरही दोन जातींचे. काही गाईकडून गाईकडे जातात, धार काढणाऱ्याच्या हातातून, फडक्यातून किंवा यंत्राच्या कपातून. फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी १८८७ साली अशा सांसर्गिक कासदाहाचं वर्णन केलं, तेव्हाच धार काढणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवलं होतं. दुसरी जात शेणामातीत राहणारी, ई. कोलाय त्यातलाच.

आता न दिसणारं ओळखायचं कसं? जीवाणू शिरले, की गाईचं शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं आणि त्या दुधात उतरतात. निरोगी कासेच्या दुधात मिलिलिटरमागे साधारण लाखाच्या आत पेशी असतात. दोन लाखांच्या वर गेल्या, की संशय घ्यायचा. १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी एक सोपी चाचणी दिली. चार वाट्यांचं एक पसरट पात्र, चार सडांचं दूध चार वाट्यांत, आणि तितकंच साबणासारखं एक द्रावण. ते पेशींची आवरणं फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध चिकट, बुळबुळीत होतं. जितक्या पेशी जास्त, तितका चिकटपणा जास्त. पुढे फैसलाबादच्या पशुवैद्यकांनी हेच काम कपडे धुण्याच्या पावडरीच्या तीन टक्के द्रावणावर भागतं, हे दाखवलं. आम्हाला ही गोष्ट फार आवडते, कारण ज्ञान असं स्वस्त होत गेलं पाहिजे.

पण पाहा, आपण इथे जीवाणू पाहिलेच नाहीत. पेशी पाहिल्या. पेशीसुद्धा नाहीत, चिकटपणा पाहिला! हे शुद्ध अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं उदाहरण आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यांचाच पुढचा प्रश्न असा, की या संबंधाला कुठली छुपी अट, म्हणजे उपाधी, चिकटलेली नाही ना? इथे आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकात पेशी मुळातच जास्त असतात. आटत आलेल्या गाईच्या दुधातही वाढलेल्या असू शकतात. वेताचा कोणता टप्पा चालू आहे हे न विचारता चाचणी वाचणारा माणूस धुक्याला धूर समजतो.

मग थेट जीवाणूच शोधावेत, प्रयोगशाळेत दूध पाठवावं, असं कुणी म्हणेल. जरूर पाठवावं. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जीवाणू कासेच्या पेशींच्या आत दडतो, बारीक गळवं करून राहतो आणि दुधात कधी उतरतो, कधी उतरत नाही. एका नमुन्यात तो सापडला नाही म्हणून नाहीच, असं म्हणता येत नाही. भाट्ट मीमांसक 'न दिसणं' हेही ज्ञानाचं साधन मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. टेबलावर हत्ती नाही, हे न दिसण्यावरून सिद्ध होतं. टेबलावर भूत नाही, हे तसं सिद्ध होत नाही. ऑरियसच्या बाबतीत एक नकारात्मक अहवाल भुताच्या जातीचा असतो. म्हणून नमुना पुन्हा घ्यावा लागतो.

हे सगळं दुधाच्या दर्जाशी कसं जोडलेलं आहे, तेही बघू. कासदाहात लॅक्टोज कमी होतं, रक्तातून सोडियम आणि क्लोराईड दुधात झिरपतात, दूध खारट लागतं. प्लाझ्मिन नावाचं विकर केसिनचे तुकडे करतं, आणि पनीर किंवा चीज होतं ते केसिनमुळेच. पाश्चरीकरणाने जीवाणू मरतात, पण तुटलेलं केसिन परत जुळत नाही. प्लाझ्मिनही त्या उष्णतेला दाद देत नाही. थोडक्यात, बिघाड दुधात घडून गेलेला असतो, डेअरीत फक्त त्यावर पडदा पडतो. युरोपीय संघात कच्च्या दुधाला मिलिलिटरमागे चार लाख पेशींची मर्यादा आहे, अमेरिकेत साडेसात लाख. आपल्या संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५. पेशी मोजल्याच जात नाहीत, तर त्या कमी ठेवणाऱ्याला मोबदला कुठून मिळणार?

आणि सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. दहा गाई सारखंच दूध देतात असं धरा. नऊ जणींच्या दुधात एकेक लाख पेशी, दहावीच्या दुधात एकतीस लाख. टाकीतली सरासरी येते चार लाख. टाकी म्हणते, सगळा गोठा थोडा थोडा बिघडलाय. खरं म्हणजे एकच गाय बिघडलेली आहे.

मग एवढं हुडकत बसण्यापेक्षा न हुडकताच काम करता येईल का? इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ शिनफील्डला राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था होती. तिथे नीव, डॉड, किंगविल या मंडळींनी १९६० च्या दशकात हाच प्रश्न विचारला. त्यांचा विचार असा: गोठ्यात रोग किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. नवी लागण किती वेगाने होते, आणि झालेली लागण किती दिवस टिकते. हौदात नळ किती सुटलाय आणि मोरी किती मोकळी आहे, तसं. नुसती औषधं देऊन मोरी मोकळी केली आणि नळ तसाच राहिला, तर हौद भरलेलाच. म्हणून त्यांनी सांगितलं, की प्रत्येक धारेनंतर प्रत्येक गाईचा प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवा. गाय आटवताना प्रत्येक सडात दीर्घकाळ टिकणारं प्रतिजैविक सोडा. दिसणाऱ्या दगडीवर लगेच उपचार, पुन्हा पुन्हा आजारी पडणारी गाय काढून टाकणं आणि यंत्राची देखभाल, ही आणखी तीन कलमं. सड बुडवण्याने सांसर्गिक जीवाणूंची नवी लागण निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटते. ब्रिटनमध्ये वर्षाला शंभर गाईंमागे दिसणाऱ्या कासदाहाच्या घटना शंभराच्या वर होत्या, त्या १९८० च्या दशकात चाळिसाच्या आसपास आल्या.

यातली गंमत तुमच्या लक्षात आली का? मुख्य दोन कलमांत 'कुठली गाय आजारी' हा प्रश्नच टाकून दिलाय! सगळ्यांना सारखं करा, जाणून घ्यायची गरज नाही. आमच्या मते हा मोठा धाडसी विचार होता, आणि तो यशस्वीही झाला. मात्र शेणामातीतले जीवाणू त्याला फारसे बधले नाहीत. जुने चोर हटले तशी यांची टक्केवारी वाढली.

दुसरी किंमत उशिरा समोर आली. निरोगी गाईलाही आटवताना प्रतिजैविक देणं म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंना मोकळीक. युरोपीय संघाचा २८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला नियम असा सरसकट प्रतिबंधक वापर रोखतो. नेदरलँड्सने ही वाट त्याआधीच धरली होती. तिथली मार्गदर्शक रेषा अशी: शेवटच्या तपासणीत पहिलारू गाईच्या पेशी दीड लाखाच्या आत, किंवा पुढच्या वेतांच्या गाईच्या पन्नास हजारांच्या आत असतील, तर प्रतिजैविक नाही. तिथे सडाच्या नळीत बिस्मथचा निर्जीव लेप भरून ती बंद करता येते. गाईचं शरीर भाकड काळात जे बूच स्वतः तयार करतं, त्याचीच ही नक्कल.

म्हणजे शिनफील्डने बाजूला ठेवलेला प्रश्न परत दारात आलाय. कुठली गाय? कुठला सड? हॉलंडच्या शेतकऱ्याकडे प्रत्येक गाईची दर महिन्याची पेशींची नोंद असते. दोन-चार गाईंच्या आपल्या गोठ्यात ती नोंद नाही. पण ते चार वाट्यांचं पात्र आहे, पावडरीचं द्रावण आहे, एक वही आहे. गाय आटवायच्या आधी चारही सड तपासून वहीत तारीख आणि निकाल लिहायला पाच मिनिटं लागतात. आता तुमचे प्रश्न घेऊ.