नवे नाट्यगृह हवेच. पण आराखड्याआधी आम्हाला विचारा

महाविद्यालयांचे शहर म्हणून बेळगावचे नाव दूरवर गेले आहे. १९१६ साली केएलई संस्था सुरू झाली, १९३३ साली लिंगराज महाविद्यालय निघाले, १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय आले. पुढे १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात तर पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले. आजही चंदगड, खानापूर, कोकण, गोवा येथून मुले शिकायला येथे येतात. डॉक्टर, इंजिनिअर, वकील होण्याची सोय या शहरात आहे. पण यांतल्या एखाद्या मुलाला नाटक करावेसे वाटले, तर त्याने जायचे कुठे?

शहरात सभागृहे नाहीत असे नाही. सत्कार, व्याख्याने, बक्षीस समारंभ यांना ती पुरतात. नाटकाला मात्र सभागृह पुरत नाही, त्याला नाट्यगृह लागते. हा फरक ज्याने कधी तोंडाला रंग लावला नाही, त्याला पटवून देणे कठीण जाते. म्हणून माझ्याच शाळेतला एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी आंतरशालेय स्पर्धेसाठी एकांकिका बसविली होती. तालमी शाळा सुटल्यावर, बाके भिंतीला लावून, नववीच्या वर्गात. प्रयोगाचा दिवस जुलैतला. बेळगावचा जुलै म्हणजे काय, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. सभागृहावर पत्रे होते. पडदा वर गेला आणि पाऊस असा कोसळू लागला की तिसऱ्या रांगेतल्या परीक्षकांनाही शब्द ऐकू येईनात. एकच मायक्रोफोन, तोही मधोमध. आजोबांची भूमिका करणारा मुलगा कन्नड घरातला. दोन महिने त्याने आपले मराठी उच्चार घासूनपुसून घेतले होते. 'ळ' आणि 'ल', 'च' चे दोन उच्चार, सारे. तो बिचारा खुर्चीवरून उठून पुढे आला आणि उरलेले सारे नाटक घसा फोडून बोलला. टाळ्या पडल्या. मी पाठ थोपटायला गेलो, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सर, मी नुसता ओरडलो. बोललो नाही."

त्या मुलाचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. भाषेसाठी ओरडणे म्हणजे काय, हे सीमाभागाला चांगले ठाऊक आहे. मोर्चे झाले, सभा झाल्या, पिढ्या त्यात गेल्या. ते करावेच लागले. पण भाषा टिकते ती रोज बोलल्याने. हळू आवाजातले, हसतखेळत, रागावून, समजूत घालत बोललेले मराठी मुलांच्या कानांवर पडावे, ही जागा घरानंतर आणि शाळेनंतर नाटकाचीच आहे.

दोन भाषांची रंगभूमी

या मातीला नाटक नवे नाही. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्याला प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या खेळांची. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात ते शिक्षक होते आणि गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे येथलेच विद्यार्थी. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, १८९९ साली देवलांचे 'शारदा' आले. म्हणजे मराठी संगीत नाटकाची एक मोठी गुरुशिष्य-परंपरा बेळगावच्या वर्गात सुरू झाली. आम्हा मास्तर मंडळींना याचा अभिमान वाटला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व. मातृभाषा कन्नड, शिक्षण मुंबईत, कर्मभूमी माळव्यातले देवास, आणि रसिक मराठी! येथल्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पुढच्या काळात तेंडुलकरांची नाटके कन्नडमध्ये गेली, कार्नाडांची मराठीत आली. राजकारणाने ज्या दोन भाषांना समोरासमोर उभे केले, त्या रंगमंचावर एकमेकींकडून घेतच आल्या आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरले, फैय्याज अध्यक्षा होत्या. तेव्हाची गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना येथे प्रेक्षक नाही असे कोणी सांगू नये.

शेजाऱ्यांकडून शिकावे

नवे नाट्यगृह बांधावे, ही मागणी आमच्या समितीच्या बैठकीत दरवर्षी होते. ती कधीतरी मान्य होईल, या आशेवरच हा लेख लिहितो आहे. परंतु बांधकाम झाले म्हणजे काम झाले, या भ्रमात राहू नये. आपल्या दोन शेजाऱ्यांनी काय सोसले ते पाहावे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारले. खासबागेच्या कुस्त्यांच्या मैदानाला लागून नाटकाचे घर बांधणारा राजा विरळाच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांहून जुनी वास्तू काही तासांत गेली. ती पूर्वी होती तशीच उभी राहावी, असा आग्रह तेथल्या कलावंतांनी धरला. आगीपासून बचावाची व्यवस्था ही आराखड्यातली पहिली ओळ असली पाहिजे, शेवटची नव्हे, हा त्यातला धडा.

पणजीची कला अकादमी हे चार्ल्स कोरिया यांचे नावाजलेले काम. नूतनीकरणासाठी ती बंद झाली. काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याच वर्षाच्या अखेरीस वास्तू पुन्हा खुली झाली, तर ध्वनी आणि प्रकाश यांविषयी कलावंतांच्या तक्रारी सुरू झाल्या. कोट्यवधी रुपये खर्च होऊनही नट म्हणतो, आवाज पोहोचत नाही. याला काय म्हणावे? जे तेथे उभे राहून बोलणार, त्यांना आधी विचारायला हवे होते.

आमचे मागणे

म्हणून जो कोणी आराखडा करील, त्याच्यापुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. पहिली गोष्ट, छप्पर. बेळगावच्या पावसाचा आवाज आत येता कामा नये. दुसरी, आकार. हजार खुर्च्यांचे एकच भव्य दालन बांधले की उद्घाटनाला शोभा येते, पण हौशी संस्थेला त्याचे भाडे झेपत नाही आणि अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे मुले बिचकतात. मोठ्या दालनाबरोबर तीनशे खुर्च्यांचे लहान नाट्यगृह हवे. तिसरी, तालमीच्या खोल्या. नाटक एक दिवस होते, तालमी दोन महिने चालतात. महाविद्यालयातल्या मुलांना संध्याकाळी सात ते दहा बसायला हक्काची जागा मिळाली, तर निम्मे काम झाले.

रंगमंचाला पुरेशी खोली, दोन्ही बाजूंना मोकळ्या विंगा, नेपथ्याचा ट्रक थेट मागे लागेल असे दार, मुलींसाठी स्वतंत्र व स्वच्छ रंगपटाची खोली, वीज गेली तर जनरेटर. या गोष्टी खर्चाच्या मानाने लहान आहेत. विसरल्या तर मात्र पुढे भिंती फोडाव्या लागतात. बांधकामाइतकाच देखभालीचाही पैसा अंदाजपत्रकात दाखवावा आणि ध्वनी-प्रकाश सांभाळणारा जाणकार माणूस कायमचा नेमावा. नाहीतर घर उभे राहते आणि दिवा लावायला कोणी नसते.

तारखांचा प्रश्न

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी. आमच्या एका प्रयोगाची तारीख तीन महिने आधी पैसे भरून घेतली होती. आदल्या दिवशी निरोप आला की सरकारी कार्यक्रम आहे, तुमचे रद्द. वाहिलेले फलक उतरवून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात प्रयोग केला. त्याच आठवड्यात एका कन्नड हौशी संस्थेचीही तारीख अशीच गेली होती. त्यांचे दिग्दर्शक आमच्या व्हरांड्यात येऊन बसले, प्रयोग पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची मुले चांगली आहेत. आपले दुखणे एकच आहे."

नव्या नाट्यगृहाचा कारभार म्हणूनच एखाद्या कार्यालयाच्या मर्जीवर सोडू नये. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू अशा सर्व भाषांतल्या रंगकर्मींची सल्लागार समिती असावी. तारखांचे वेळापत्रक दारावर लावावे. आधी येईल त्याला आधी, हा नियम मंत्र्यांनाही असावा. वर्षातले ठरावीक दिवस शाळा-महाविद्यालयांसाठी अल्प भाड्यात राखून ठेवावेत. कायद्यानुसार फलकावर कन्नड ठळक असेल, त्याविषयी मी येथे वाद घालत नाही. मात्र आतल्या रंगमंचावर कोणत्या भाषेत बोलावे, हे बोलणाऱ्याने ठरवावे. आरक्षणाचा अर्ज मराठीतही मिळावा, ही मागणी अवास्तव नाही. भाषिक अल्पसंख्याकांना राज्यघटनेने जे संरक्षण दिले आहे, त्याच्याशी ती सुसंगतच आहे.

आमच्या पिढीने सभामंडपात दिवस काढले. आम्हाला आता फारसे काही नको. पण तो कन्नड घरातला मुलगा आता महाविद्यालयात आहे आणि अजून नाटक करतो. गेल्या महिन्यात बसस्थानकावर भेटला. "सर, नवे थिएटर केव्हा होणार?" त्याने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी ते द्यावे आणि आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी या मुलांना एकदा बोलावून घ्यावे. त्यांना काय हवे, ते ती नीट सांगतील. ओरडण्याची पाळी त्यांच्यावर पुन्हा येऊ देऊ नये.