ई-मेलमधली अक्षरे का बिघडतात?

फ्रेंच भाषेत ‘कॅफे’ हा शब्द सी, ए, एफ, ई अशा चार रोमन अक्षरांनी लिहितात आणि शेवटच्या ‘ई’च्या डोक्यावर एक तिरकी रेघ देतात. हा शब्द ई-मेलने पाठवला, की कधी कधी रेघेच्या ‘ई’च्या जागी दोन विचित्र चिन्हे उमटतात, तर कधी नुसतेच प्रश्नचिन्ह. पहिली तीन अक्षरे मात्र शाबूत! असे का होते? आणि बिघाड पाहून कारण ओळखता येईल का? येईल; त्यासाठी साधे अंकगणित पुरते.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, संख्या कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली अशी एक प्रमाण यादी झाली, तिचे नाव ‘अ‍ॅस्की’. ती ७ बिटांची, म्हणजे तिच्यात ० ते १२७ एवढेच क्रमांक. इंग्रजीचे काम त्यात भागते, पण रेघेच्या ‘ई’ला तिथे जागाच नाही. ई-मेलच्या वाहतुकीचे १९८२ चे नियमही याच ७ बिटांवर बेतलेले होते.

पुढे पश्चिम युरोपातील भाषांसाठी ८ बिटांची, २५६ जागांची ‘लॅटिन-१’ यादी आली (१९८७). तिच्यातील पहिले १२८ क्रमांक अ‍ॅस्कीचेच ठेवले. साधी अक्षरे सहसा बिघडत नाहीत, त्याचे कारण हे. रेघेच्या ‘ई’ला क्रमांक मिळाला २३३. पण वाटेतल्या एखाद्या जुन्या यंत्रणेने आठवा बिट गाळला तर? २३३ मधून १२८ वजा होतात, उरतात १०५. आणि १०५ म्हणजे छोटा ‘आय’. शब्द होतो सी, ए, एफ, आय! रशियन लिपीच्या ‘कोई-८’ यादीत यावर नामी युक्ती होती. आठवा बिट गळला, तर रशियन अक्षराच्या जागी त्याच्या उच्चाराशी जुळणारे रोमन अक्षर यावे, अशीच तिची मांडणी होती. मजकूर वाचता तरी येई.

१९९२ साली ‘माइम’ नियम आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पत्राच्या शीर्षभागात कोणती यादी वापरली आहे ते लिहिण्याची सोय केली आणि ८ बिटांचा मजकूर ७ बिटांत सुखरूप नेण्याची रीत ठरवली. या रीतीत २३३ ही संख्या षोडशमान पद्धतीत, आधी बरोबरीचे चिन्ह देऊन लिहितात. २३३ म्हणजे १४ गुणिले १६ अधिक ९; १४ साठी ‘ई’ हे अक्षर, म्हणून ‘=ई९’. पत्रात अशी बरोबरीची चिन्हे विखुरलेली दिसली, तर मजकूर बिघडलेला नाही, फक्त उलगडायचा राहिला आहे, असे समजावे.

जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणारे ‘युनिकोड’ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते क्रमांक बाइटमध्ये मांडण्याची ‘यूटीएफ-८’ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचली. युनिकोडमध्येही रेघेच्या ‘ई’चा क्रमांक २३३ च आहे, पण यूटीएफ-८ मध्ये तो दोन बाइटांत लिहितात. २३३ ला ६४ ने भागा: भागाकार ३, बाकी ४१. भागाकारात १९२ आणि बाकीत १२८ मिळवा. बाइट मिळतात १९५ आणि १६९. हे दोन बाइट लॅटिन-१ च्या यादीने वाचले, तर डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा ‘ए’ आणि वर्तुळातला ‘सी’ दिसतो. एका अक्षराची दोन झाली, की रोग हाच.

उलट प्रकारही घडतो. लॅटिन-१ मधला एकटा २३३ यूटीएफ-८ म्हणून वाचला, तर नियमानुसार त्यामागे आणखी दोन ठरावीक प्रकारचे बाइट हवेत. ते नसल्याने संगणक काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दाखवतो.

या सर्व प्रकारांत मूळ बाइट पत्रात शाबूत आहेत, तोवर इलाज सोपा असतो: मेलच्या प्रोग्रॅममध्ये वाचण्याची यादी बदलून पाहावी. बिघडलेला मजकूर मात्र तसाच साठवू किंवा पुढे पाठवू नये. दुसऱ्या फेरीत दोन चिन्हांची चार होतात. साधे प्रश्नचिन्ह सर्वांत वाईट. यादीत जागा नसलेल्या अक्षराच्या बदल्यात ते लिहिले गेलेले असते. मूळ संख्या पुसली गेली, ती परत मिळत नाही. एखाद्याच्या नावातले अक्षर नोंदवहीतून असे कायमचे जाऊ शकते. तेव्हा मूळ प्रत पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावी.

मराठीलाही हे नवे नाही. १९९० च्या दशकात निरनिराळ्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर आपापल्या सोयीने मराठी आकार बसवले होते. तो फाँट नसेल, तर मराठी पत्र म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी! आज युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५० आहे आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. विद्यार्थ्यांना २३५० ला ६४ ने भागायला सांगा. भागाकार ३६, बाकी ४६. दोन्हींत १२८ मिळवले, की शेवटचे दोन बाइट हाती येतात. मग ‘क’चा क्रमांक, २३२५, फळ्यावर लिहा आणि त्याचे बाइट त्यांनाच शोधू द्या.